एकच रान, दोन रिपोर्ट: स्फुरद १४ की ३२?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

आमचं रान वाळवा तालुक्यात. सव्वादोन एकर, काळं, विहिरीचं पाणी. मालक एसटीत ड्यूटीवर, त्यामुळे रान मी आणि मामंजी बघतो. को ८६०३२ उसाचा खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस) उभा आहे आणि विहिरीच्या अंगाला पंधराएक गुंठ्यात मे महिन्यापासून केवडा पडलाय, म्हणजे पानं पिवळी पडलीत. लांबून बघितलं तर हिरव्या रानात कुणी पिवळं लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतं.

एप्रिलमध्ये गावात शिबिर झालं तेव्हा मातीचा नमुना दिला होता, त्याचं आरोग्य पत्रिकेचं कार्ड आलं. जूनमध्ये केवडा वाढला म्हणून परत माती काढून एका खाजगी लॅबला दिली. दोन्ही कागद समोर ठेवलेत आणि डोकं चालेना.

कार्ड म्हणतं: सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.५८ टक्के, नत्र (नायट्रोजन) १७६, स्फुरद (फॉस्फरस) १४.२, पालाश (पोटॅश) ३१८, लोह ३.१, जस्त ०.५०.

लॅब म्हणते: सामू ८.२, कर्ब ०.६१, नत्र २४०, स्फुरद ३१.९, पालाश ३८५, लोह ११.८, जस्त ०.५५. शिवाय मुक्त चुना १४.५ टक्के, जो कार्डावर नाहीच.

रान तेच. खत मधे टाकलेलं नाही. मग दोन महिन्यांत स्फुरद दुप्पट आणि लोह चौपट झालं कसं? दुकानदाराने लॅबचा कागद बघून सांगितलं, "वहिनी, स्फुरद भरपूर आहे, डीएपी बंद करा. लोह पण चांगलं आहे, ही मॅग्नेशियमची कमी." आणि एक बाटली हातात दिली. बाटली अजून फोडलेली नाही, आधी तुम्हाला विचारते.

नांगरट

ताई, कार्ड चुलीत घाला. आमच्या आळीत चौघांची कार्डं आली, चौघांचे आकडे अगदी दशांशापर्यंत सारखे. एकाचं रान ओढ्याकाठी, दुसऱ्याचं माळावर!

सातबारा

नांगरट, त्यात लबाडीच असेल असं नाही. २०१५ ला ही योजना आली तेव्हा नमुना शेतावार नव्हताच. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक, अशी चौकट आखलेली होती. त्या चौकटीत जितके खातेदार तितक्यांना तेच आकडे. कार्ड तुमच्या नावाचं, माती कदाचित शेजाऱ्याची. पण ताईंनी माती स्वतः नेऊन दिली आहे, म्हणजे त्यांची गोष्ट वेगळी.

आकडेमोड

स्फुरदाचं कोडं सुटलं! एकाने पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) दिलंय, दुसऱ्याने किलो प्रति हेक्टरमध्ये. एक हेक्टर रानाच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरातली माती साधारण २२ लाख ४० हजार किलो धरतात, म्हणून पीपीएमला २.२४ ने गुणलं की किलो प्रति हेक्टर. १४.२ गुणिले २.२४ बरोबर ३१.८. लॅबचा आकडा ३१.९. टाळ्या.

कृष्णाकाठची

अगं बाई, खरंच की! पण कार्डावर १४.२ च्या पुढे "किलो/हे." असंच छापलंय.

आकडेमोड

छपाईची चूक असणार.

मृदगंध_अकोला

थांबा. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढून निवृत्त झालोय, म्हणून तोंड घालतो.

आकडेमोड, तुमचा हिशेब पालाशला लावून बघा. ३१८ ला २.२४ ने गुणलं तर ७१२ यायला पाहिजे. लॅबने दिलेत ३८५. भागाकार करा: १.२१ येतो. आता हा १.२ कुठून आला? पालाश मूलद्रव्य म्हणून मोजलं तर एक आकडा येतो, ऑक्साइड म्हणून, म्हणजे के-टू-ओ म्हणून सांगितलं तर तोच आकडा १.२ पट होतो. आणि स्फुरद मूलद्रव्यावरून पी-टू-ओ-फाइव्हवर न्यायचं तर २.२९ ने गुणायचं. १४.२ गुणिले २.२९ म्हणजे ३२.५. नमुने दोन वेळचे, दोन हातांनी काढलेले, एवढा फरक चालतो.

२.२४ आणि २.२९ इतके शेजारी बसलेले आहेत की आमच्याकडे नवीन आलेली पोरं दर वर्षी याच खड्ड्यात पडायची. खड्डा ओळखायची खूण पालाशच. ताई, लॅबच्या कागदावर "स्फुरद" शब्दाच्या आसपास बारीक अक्षरात काही आहे का बघा.

कृष्णाकाठची

आहे!! तक्त्याच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: "स्फुरद व पालाश ऑक्साइड स्वरूपात." मामंजींचा चष्मा लावून वाचलं. म्हणजे दोन्ही कागद एकच सांगतायत?

मृदगंध_अकोला

स्फुरद-पालाशपुरतं, हो. आणि दुकानदार चुकला तो इथे. ओल्सेन पद्धतीने काढलेल्या स्फुरदाची नेहमीची पट्टी मूलद्रव्याची आहे: हेक्टरी १० किलोच्या आत कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर भरपूर. त्याने ऑक्साइडचा ३१.९ उचलून मूलद्रव्याच्या पट्टीवर ठेवला, म्हणून त्याला भरपूर दिसलं. खरं तर तुमचं रान मध्यम आहे, त्यातही खालच्या अंगाला. स्फुरद बंद करायचं काही कारण नाही.

गंमत अशी की खताची पोती कायम ऑक्साइडचीच भाषा बोलतात. डीएपी १८:४६ मधले ४६ टक्के हे पी-टू-ओ-फाइव्ह. माती एका भाषेत, पोतं दुसऱ्या भाषेत, आणि मधे उभा दुकानदार.

सातबारा

पोत्यांचा हिशेबही मांडून टाकू. सुरू हंगामातल्या उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची नेहमीची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो, नत्र:स्फुरद:पालाश या क्रमाने. एकरी झालं साधारण १०१ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात स्फुरद २३ किलो, म्हणजे एकरी बरोबर दोन पोती. त्यातून १८ किलो नत्रही आलं. राहिलेलं ८३ किलो नत्र युरियातून, ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो, म्हणजे चार पोती, तीही एकदम नाही, हप्त्याने. मध्यम असेल तर शिफारस आहे तशी, कमी असेल तर पाव हिश्शाने वाढवा, भरपूर असेल तर पाव हिश्शाने कमी करा. ढोबळ आहे, पण गावाकडे एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

माझं मत विचाराल तर डीएपीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. एकरी सहा पोती उचलावी लागतात, पाठ मोडते, पण त्यात ११ टक्के गंधक फुकट येतं. डीएपीची सवय लागली आणि आपल्या रानातलं गंधक गुपचूप गेलं, हे कुणी बोलत नाही.

कृष्णाकाठची

आणि नत्र? १७६ आणि २४०?

मृदगंध_अकोला

त्यावर झोप घालवू नका. एकाने पोटॅशियम परमँगनेटने प्रत्यक्ष काढलं असेल, दुसऱ्याने सेंद्रिय कर्बावरून गणिताने. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. दोन्ही आकडे २८० च्या आत, म्हणजे कमी. आपल्या काळ्या रानात नत्र "भरपूर" आलेलं मी नोकरीच्या काळात बोटांवर मोजण्याइतकं पाहिलं.

लोहाचं मात्र मलाही कोडं आहे. ३.१ आणि ११.८ मधे कुठलंही गुणोत्तर बसत नाही. ताई, जूनची माती कशी काढलीत, कशी पाठवलीत, सगळं सांगा. लाजू नका.

कृष्णाकाठची

लाजण्यासारखंच आहे. पहिला वळीव होऊन गेला होता, रान ओलं. खुरप्याने आठ ठिकाणची माती काढली, घमेल्यात कालवली, अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. मालकांची इस्लामपूरची फेरी दुसऱ्या दिवशी होती ती रद्द झाली. पिशवी राहिली बॅगेत. नऊ दिवसांनी लॅबला पोचली. मालक म्हणाले, उघडल्यावर गाळासारखा वास आला.

एप्रिलची माती मात्र कोरडी खडखडीत होती, कागदी पाकिटात दिली होती.

मृदगंध_अकोला

सापडलं. ओली माती हवाबंद पिशवीत नऊ दिवस कोंडली की आतले जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात आणि मग मातीतल्या लोहाकडे वळतात. गंजाच्या रूपातलं, न विरघळणारं फेरिक लोह फेरस होतं आणि ते विरघळतं. भातखाचरात पाणी साठल्यावर जे होतं तेच तुमच्या यजमानांच्या बॅगेत झालं. त्यात खुरपं आणि घमेलं गंजकं असेल तर त्याचीही थोडी भर. लॅबने मोजलं ते खरंच मोजलं, पण ती रानातली माती राहिली नव्हती. मंगल (मँगनीज) त्याच कागदावर असेल तर बघा, तेही फुगलेलं असणार.

कृष्णाकाठची

मंगल कार्डावर ६, लॅबच्या कागदावर २४. काका, तुम्ही पोलिसात असायला हवे होतात.

मृदगंध_अकोला

😀 सावलीत पातळ पसरून वाळवा, लाकडी दांड्याने ढेकळं फोडा, कापडी पिशवीत भरा. उन्हात नको, खताच्या रिकाम्या पोत्यावर तर मुळीच नको. लोहाची डीटीपीए पद्धतीची धोक्याची पातळी ४.५ पीपीएम आहे, जस्ताची ०.६. कार्डाचा ३.१ खरा धरा. जस्त दोन्हीकडे कमीच आहे.

लांजेकर

कोकणातून डोकावतोय. तुमचं वाचून हसू येतंय आणि हेवाही वाटतोय. आमच्या जांभ्या जमिनीचा सामू ५.४. लोह इतकं की पऱ्ह्याच्या पाण्याला तांबूस साय धरते. आम्ही स्फुरद टाकलं की ते लोह आणि ॲल्युमिनियम त्याला मिठी मारून बसतात, भाताला काय मिळत नाही. तुमच्याकडे चुना लोहाला सोडत नाही, आमच्याकडे लोह स्फुरदाला. आम्ही चुना विकत आणून टाकतो, आणि तुमच्याकडे साडेचौदा टक्के फुकट पडलाय!

मृदगंध_अकोला

म्हणूनच तुमच्या मातीला ब्रे पद्धत लावतात, ओल्सेन नाही. दोन्ही कागदांवर "स्फुरद" एवढंच छापलेलं असतं.

डोंगरउतार

चुना जास्त आहे तर गंधक टाका ना. बेंटोनाइट गंधक एकरी दहा किलो, चुना विरघळून सामू खाली. आमच्याकडे द्राक्षवाले सगळे टाकतात.

आकडेमोड

आता माझी पाळी, मघाची लाज भरून काढतो. मघाचेच २२ लाख ४० हजार किलो धरा. एक टक्का चुना म्हणजे हेक्टरी २२.४ टन. १०० किलो चुना संपवायला ३२ किलो गंधक लागतं, म्हणजे एका टक्क्याला ७ टनांहून जास्त. साडेचौदा टक्क्यांना हेक्टरी १०४ टन. एकरी ४२ टन गंधक, तेही फक्त वरच्या वीतभर थरासाठी. दहा किलोने चुना विरघळत नाही हो, त्याला पत्ताही लागत नाही.

डोंगरउतार

बरं बाबा.

मृदगंध_अकोला

गणित बरोबर, पण दहा किलो अगदी वायाही जात नाही. मुळांजवळ पट्ट्यात पडलं तर तेवढ्या चिमूटभर जागेत सामू उतरतो, आणि पिकाला गंधक मिळतं ते वेगळं. आख्ख्या रानाचा सामू बदलायची आशा मात्र सोडा. जिप्समचंही तेच. ते चोपण रानाचं औषध, जिथे सोडियम जास्त झालाय तिथलं. चुनखडीला जिप्सम म्हणजे गुळाला साखर लावणं.

कृष्णाकाठची

मग करू काय? दुकानात "चिलेटेड लोह" म्हणून ड्रिपमधून सोडायचं एक पाकीट दाखवतायत.

मृदगंध_अकोला

पाकिटावर लोह धरून ठेवणाऱ्या रसायनाचं नाव ईडीटीए लिहिलंय की ईडीडीएचए? ईडीटीएने धरलेलं लोह सामू साडेसहा-सातच्या पुढे मातीत सुटतं आणि चुना त्याला गिळतो. पानावर फवारायला ते चालेल, तुमच्या मातीत नाही. ईडीडीएचए टिकतं, पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो, पण उसाला ते परवडत नाही.

साधं हिराकस घ्या, म्हणजे फेरस सल्फेट. पण विकत आणण्याआधी एक करून बघा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. कापसाचा बोळा बुडवून केवडा पडलेल्या पाचसहा कोवळ्या पानांवर लांब पट्टे ओढा. पानांना दोरा बांधून ठेवा. आठवड्याने बघा.

आणि एक सांगा, पिवळी पानं शेंड्याकडची की बुडाकडची? शिरा हिरव्या आहेत का?

कृष्णाकाठची

शेंड्याची. मधल्या शिरा हिरव्या, मधे पिवळं, काही पानं तर पांढरी फटक. खालची पानं हिरवीगार.

मृदगंध_अकोला

मग मॅग्नेशियमची बाटली परत करा. मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून उपाशी राहतं ते नवं पान.

सेंद्रियसखा

एवढं रसायनशास्त्र करण्यापेक्षा जीवामृत सोडा. माती आपली आपण सगळं देते. आमच्या रानात दहा वर्षांत एक पोतं नाही.

सातबारा

दरवर्षी शंभर टन ऊस रानातून ट्रॉलीत भरून कारखान्याला जातो. त्याच्याबरोबर नत्रापेक्षाही जास्त पालाश जातो. दोनशे लिटरच्या पिंपात तेवढं कुठून येणार? जिवाणू वाढतील, मान्य. वजन येत नाही.

सेंद्रियसखा

पाचट जाळत नाही आम्ही. तुम्ही जाळता.

सातबारा

हे मात्र बरोबर बोललात. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू टाकून सरीत गाडलं तर पालाशाचा बराच हिस्सा रानातच राहतो. आणि आपण काडी लावतो.

पाणथळ_नेदरलँड्स

इथल्या डेअरीवाल्या शेजाऱ्याचं दुःख ऐका. शेणातून जाणाऱ्या नत्राला युरोपात हेक्टरी १७० किलोची मर्यादा आहे. त्याच्या गायींचं शेण जास्त होतं, तर ते उचलून न्यायला तो पैसे देतो. स्फुरद इथल्या मातीत साठून ओढ्यांत उतरायला लागलंय.

नांगरट

त्याला म्हणावं ट्रॉली भर आणि इकडे पाठव. भाडं अर्धं अर्धं.

कृष्णाकाठची

(आठ दिवसांनी) बोळ्याचा निकाल आला! सहा पानं रंगवली होती. एक शेळीने खाल्लं. उरलेल्या पाचही पानांवर जिथे बोळा फिरला तिथे हिरवा पट्टा, बाजूला पिवळं तसंच. एका पानावर पोरीने स्वतःचं नाव काढलं होतं. त्यातला "श" अगदी स्पष्ट वाचता येतो.

मृदगंध_अकोला

वा! हा कुठल्याही लॅबपेक्षा वरचढ रिपोर्ट. आता एक शेवटचं. केवडा विहिरीच्या अंगालाच का? पाणी तिथे तुंबतं का? चुनखडीच्या रानात मुळाशी पाणी उभं राहिलं की बायकार्बोनेट वाढतं आणि केवडा जोर धरतो.

कृष्णाकाठची

लाईट रात्रीची. मोटर चालू करून झोपतो, पहाटे बंद करतो. पाण्याची दारं विहिरीकडचीच, म्हणजे त्या सऱ्या रात्रभर पाणी पितात.

आणि काल मामंजींनी वेगळंच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल केली तेव्हा निघालेला पांढरा मुरूम टाकायला जागा नव्हती, तो त्याच पंधरा गुंठ्यांत पसरला होता. वर नंतर गाळ ओढला. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू रिपोर्ट काढत होतीस. मला कुठं विचारलंस?"

मृदगंध_अकोला

म्हणजे तुमच्याकडे एक रान नाही, दोन आहेत. नमुन्याचे आठ खड्डे कुठे घेतले होते?

कृष्णाकाठची

खरं सांगू? पाच विहिरीकडे, तीन पलीकडे. उन्हात चालायचा कंटाळा. दोन्ही वेळेला तसंच.

मृदगंध_अकोला

विहीर, बांध, झाडाखाली, उकिरड्याजवळ खड्डा घ्यायचा नाही. आणि रंग-उतार वेगळा दिसला की नमुना वेगळा. व्ही आकाराचा खड्डा, उसाला फूटभर खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून. दोन पिशव्या करा.

कृष्णाकाठची

(पंचवीस दिवसांनी) दोन पिशव्यांचे आकडे आले. या वेळी सावलीत वाळवून दिल्या. विहिरीचं अंग: चुना १९ टक्के, लोह २.२. पलीकडचं रान: चुना ९ टक्के, लोह ५.१.

आकडेमोड

पाच खड्डे २.२ चे, तीन ५.१ चे, सरासरी ३.३. कार्ड म्हणत होतं ३.१. चुन्याची सरासरी १५.२, लॅब म्हणत होती १४.५. कार्डही खरं, लॅबही खरी, फक्त सरासरीचं रान तिथे कुठेच नाही!

तेरणाकाठ

लातूरकडून. आमचं सोयाबीन दरवर्षी वीस-पंचवीस दिवसांचं झालं आणि झड लागली की असंच पिवळं पडतं. वाफसा आला की काही ठिकाणी आपोआप हिरवं होतं, काही ठिकाणी नाही. आम्ही दरवेळी नत्र कमी म्हणून युरिया फेकतो. आता उद्या जाऊन शिरा बघतो.

नांगरट

ताई, एकूण करणार काय ते सांगा. आम्हालाही केवडा आहे.

कृष्णाकाठची

पंधरा गुंठ्यांपुरतीच हिराकसची फवारणी, पंपाला ५० ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १० ग्रॅम, संध्याकाळची. एक झाली, दुसरी बाकी आहे, पाऊस उघडत नाही. मधल्या दोन सऱ्या मुद्दाम कोऱ्या सोडल्यात, फरक कळायला. पुढच्या लागणीला त्या तुकड्यात हिराकस शेणखतात एकास दहा कालवून, आठ दिवस मुरवून सरीत. झिंक सल्फेट सगळ्या रानाला एकरी दहा किलो, तेही शेणखतातूनच, सुपर फॉस्फेटबरोबर नाही. डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट घेतोय, पोती मालक उचलणार आहेत.

मोटरला टायमर बसवलाय, दोन तासांनी आपोआप बंद होते. मामंजी तरी रात्री उठून बघून येतात. दुकानदाराने बाटली परत घेतली नाही, ती माळ्यावर आहे. कुणाच्या मिरचीची जुनी पानं पिवळी पडली असतील तर घेऊन जा.